नसलेल्या गाडीचं फाटक

हे आजपर्यंत माझ्या तोंडातून निघालं नाई. घरच्या बाईले नाई सांगतलं. ती गेली, तिच्या फोटोपुढंही नाई. लेकाले सांगाची तं गोष्टच सोडा, त्याच्यापुढं मी आजही मान ताठ करून बसतो. तुम्हाले सांगून राह्यलो, काऊन की तुम्ही मले वळखत नाई. वळखत असते तं सांगतलं असतं का? — नसतं. हे आधीच लिहून ठेवतो.

माझं शिकणं तिसरीपर्यंत. रोहण्याच्या शाळेत. अक्षर वाकडं येते, हात लवकर दुखते. म्हणून थांबून थांबून लिहितो. मधात कुठं आडरस्त्याले गेलो तं समजून जा — मुद्द्याची गोष्ट टाळून राह्यलो. टाळाची सवय जुनी आहे.

मी रेल्वेचा फाटकवाला होतो. तीस वर्सं. हिंगणघाटच्या पुढं, शेताशेतांच्या मधात एक फाटक — चाक फिरवलं की दांडा खाली येणार, चाक फिरवलं की वर जाणार. स्टेशनातून फोन येणार, नंबर सांगणार, तो नंबर वहीत उतरवाचा, फाटक लावाचं, अन् गाडी निघून गेल्याबिगर उघडाचं नाई. बस, एवढीच विद्या. पण ह्या विद्येत माझा हात धरणारा कोणी नव्हता.

एक गोष्ट मी सगळ्याइले सांगतो. लग्नात सांगतो, तेरवीत सांगतो. एकदा एका मोठ्या माणसाची पांढरी मोटार फाटकापाशी येऊन थांबली. मागं आणखी दोन मोटारी. त्यातला एक जण उतरून माझ्या अंगावर आला — उघड म्हणे, गाडीचा पत्ता नाई अजून, उघड, नाई तं नोकरी खातो तुझी. मी म्हणलं, “खा. पण फाटक नाई उघडत.” अन् तो शिव्या देत असतानाच गाडी आली. धडधड निघून गेली. त्याचं तोंड पाहासारखं झालं होतं. मग मी चाक फिरवलं, सावकाश.

ही गोष्ट खरी आहे. तिच्यात एक शब्द लबाडीचा नाई. अन् ह्याच गोष्टीनं माझी वाट लावली — नाई, असं नाई म्हणत. गोष्ट काय करन? मीच.

आता मुद्द्याकडं येतो. रिटायर होऊन वर्ध्याले राहाले आलो त्याले बरीच वर्सं झाली. मांगच्या काही वर्सांतली ही गोष्ट आहे. नागपूरकडची एक कंपनी वर्ध्यात पाहणी कराले आली. म्हणे रस्त्यावरून रेल चालवाची. उंच पुलावरून नाई, खालूनच. रस्त्याच्या मधोमध पटरी, दोन डब्यांची हलकी गाडी, मोटारी-ऑटोच्या बरोबरीनं चौकातून जाणारी. वर्ध्याले असली रेल कायले पाह्यजे, हे मलेही समजलं नाई. पण कंपनीचा साहेब म्हणे, पुढच्या पिढीचा विचार कराचा असते. अन् पाहाचं काय, तं अशी गाडी चौकात आली की सिग्नलचं काय होते? गाडीसाठी आडवा रस्ता थांबवावा लागन. तेवढ्यात किती मोटारी अडकतात? अडकलेली रांग सुटाले सिग्नलच्या किती पाळ्या लागतात? पायी चालणारे कवा पार होतात?

पण गाडी तं नाई. पटरी नाई. मग पाहाचं कसं?

साहेबानं डोकं लावलं. म्हणे, गाडी आहे असं समजाचं. चौकात एक माणूस लाल झेंडी घेऊन उभा करू. ठरलेल्या वेळेले त्यानं झेंडी आडवी धराची, चाळीस सेकंद. सिग्नल हिरवा झाला तरी तो रस्ता थांबला पाह्यजे. चाळीस झाले की झेंडी खाली. तेवढ्यात चार कोपऱ्यावर चार जण बसून मोजतील. हे पोलिसांना विचारून, रीतसर.

झेंडी धराले कोण पाह्यजे? कोणीतरी माझं नाव सांगतलं. साहेब घरी आला. मले म्हणाला, “काका, तुमच्यासारखा अनुभवी माणूस कुठून आणायचा?” तुम्ही सत्तरीचे असते, दिवसभर ओट्यावर बसून रस्ता पाहत असते, अन् कोणी असं म्हणलं असतं, तं? मी पेटीतून जुना खाकी सदरा काढला. घरची बाई तवा होती. तिनं इस्त्री करून देला. हसत होती. म्हणे, “बिनागाडीचं फाटक! तुमच्याच नशिबात असन.”

मोजणाऱ्या चौघांत एक पोरगी होती. सुनंदा. एम.ए. झालेली, आमच्याच वार्डाच्या पलीकडच्या मोहल्ल्यातली. ती मले भेटली की “जय भीम, काकाजी” म्हणे, मी “रामराम” म्हणो. तिच्याकडं दवाखान्याची बाजू होती — त्या रस्त्यावर दवाखाना आहे, म्हणून पायी चालणारे तिकडंच जास्त. मोटारी मोजाच्या, पायी माणसं मोजाची, रांग कुठवर गेली ते लिहाचं. अन् आणखी एक काम साहेबानं तिलेच देलं होतं. घड्याळ. झेंडी आडवी झाली की घड्याळ सुरू, चाळीस झाले की तिनं हात वर कराचा. तिचा हात वर झाला की माझी झेंडी खाली.

समजलं का तुम्हाले? तीस वर्सं ज्यानं फाटक सांभाळलं, त्याले एका पोट्टीच्या हाताकडं पाहून झेंडी खाली कराची.

पहिल्याच दिवशी मले दोन-चार सेकंद इकडं-तिकडं झाले. ती कोपऱ्यावरून वरडली, “काकाजी, चाळीस झाले! सोडा!” बाकीचे तिघं हसले. ती वाईट बोलली का? नाई. ते तिचं कामच होतं. पण मले ते लागलं. ती कोणाची पोरगी, कोणत्या मोहल्ल्यातली — हे माझ्या मनात तवा नव्हतं असं लिहिलं तं तेही खोटंच होईन.

तिचं काम मात्र सोन्यासारखं. उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन बसे अन् मान वर करून सगळं पाहे. अक्षर असं की छापल्यासारखं. तिनं एकदा चहा पिता पिता सांगतलं होतं की ही पाहणी झाली की साहेब चौघांतून एकाले नागपूरच्या ऑफिसात कायम घेणार आहे. “मलाच घेतील असं वाटते, काकाजी,” म्हणे. मी म्हणलं, “घेतील, घेतील.” बिस्किट देलं तिले. मले माहीत होतं तिच्यासाठी ह्या वहीचं काय मोल आहे. हे ध्यानात ठेवा. मी अडाणी असन, पण मले माहीत होतं.

तो दिवस. दुपारचं साडेबारा-एक झालं असन. चौकातला पोलीस शिपाई पाणी प्याले गेला होता. मी झेंडी आडवी केली. दवाखान्याच्या बाजूनं ऑटो येऊन माझ्या पुढ्यात थांबला. मांगं दुसरा, मांगं टेम्पो, मोटारसायकली. ऑटोवाला तोंडात खर्रा भरून बसलेला. त्यानं डोकं बाहेर काढलं.

“ओ बाबाजी, कोणती गाडी हाय? एक्सप्रेस का पॅसेंजर?”

मोटारसायकलवाला म्हणाला, “मालगाडी असन भाऊ. लय डबे दिसून राह्यले.”

हसले सगळे. ऑटोवाल्यानं तोंडानं शिट्टी मारली, इंजिनासारखी, अन् हातानं चाक फिरवून दाखवलं. माझं फाटकाचं चाक. म्हणाला, “सोड ना बुढ्या. कायले डिरामा करून राह्यला? गाडी ना घोडी!”

मी झेंडी सोडली नाई.

चाळीस सेकंद होऊन गेले. सिग्नल हिरवा झाला, लाल झाला. मी झेंडी सोडली नाई. होर्न वाजाले लागले. तो ऑटोवाला आता हसत नव्हता, हात जोडत होता — “बाबाजी, मांगं बुढी हाय, तापात हाय, घरी नेऊन राह्यलो तिले, सोडा.” मी त्याच्याकडं पाह्यलं अन् काय म्हणलं माहीत आहे? तेच म्हणलं. लग्नात-तेरवीत सांगतो ते. “गाडी गेल्याबिगर उघडत नाई.”

सिग्नल दुसऱ्यांदा हिरवा झाला.

ऑटोतून ती बुढी खाली उतरली. हाताले दवाखान्याची पट्टी, दुसऱ्या हातात गोळ्यांची थैली. म्हणाली मी पायीच जातो. माझ्या पुढ्यात आली, झेंडीपाशी थांबली. अन् तिनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. डांबरी रस्त्यावर. गाडी येते का म्हणून. मले विचारलं, “गाडी कवा येते, बापा? जाऊ का मी?”

त्या अख्ख्या चौकात माझ्यावर भरवसा ठेवणारी ती एकटी होती. मी मानेनंच जा म्हणलं. ती घाईघाईनं पार झाली, पदर सांभाळत, गाडीच्या भेवानं.

तिसऱ्यांदा हिरवा झाला तवा मी झेंडी खाली केली. रांग दवाखान्याच्या फाटकाच्याही पलीकडं गेलती.

कोणी म्हणन, बुढा माणूस, उन्हात डोकं फिरलं असन, वेळ समजली नसन. नाई. फाटकवाल्याच्या अंगातच घड्याळ असते. चार मिनिटं झाली होती, थोडी वरच. मले तवाच माहीत होतं.

आतापर्यंत मी तुम्हाले ऑटोवाल्याची गोष्ट सांगितली. त्यानं चिडवलं म्हणून मी अडलो, अशी. मनातल्या मनात मीही इतकी वर्सं तीच सांगत आलो. पण तेवढंच नव्हतं — एक गोष्ट मी मधातून गाळली. तिच्यावर येतो.

तीन दिवसांनी साहेबानं सगळ्याइले हॉलात बोलावलं. टेबलावर चार वह्या. सुनंदाच्या वहीत एका ओळीवर पेन्सिलीची खूण होती. त्या ओळीत तिनं लिहिलं होतं — चार मिनिटं दहा सेकंद. रांग दवाखान्याच्या पलीकडं. बाकीच्या तिघांच्या वह्यांत वेळेचा रकाना नव्हताच. त्यांनी आपल्या आपल्या मोटारी मोजल्या होत्या, शिपाई म्हणाला मी पाणी प्याले गेलो होतो.

साहेब सज्जन माणूस. त्यानं मले विचारलं ते शब्द मले पाठ आहेत. “काका, असं काही झालं होतं का? झालं असेल तर सांगा. माणूस आहे, होतं. ती एक ओळ कापू, बाकी सगळं चालेल.”

पाहा म्हणजे! हो म्हणलं असतं तं काय गेलं असतं माझं? एक ओळ. पेन्सिलीनं एक आडवी रेघ. ना नोकरी जाणार होती, ना कोणी शिवी देणार होतं. सगळे हसले असते अन् चहा आला असता.

मी म्हणलं, “साहेब, तीस वर्सं फाटक सांभाळलं. चाळीस म्हणजे चाळीस.”

सुनंदा उभी झाली. तिले राग नव्हता आला, नवल वाटलं होतं. म्हणाली, “काकाजी, असं काऊन म्हणता? मी हात वर केला होता. तुम्ही माझ्याकडं पाह्यलं होतं.”

मी म्हणलं, “हात-बित काई वर नव्हता, साहेब. असता तं मी झेंडी सोडली असती.” अन् मग तिच्याकडं वळून — हे लिहाले माझा हात चालून नाई राह्यला, पण लिहितो — मी म्हणलं, “घड्याळ पाहता येते का तुले, बाई?”

तिसरी शिकलेला मी. एम.ए. शिकलेल्या पोरीले.

हसले लोक. बाकीचे तिघंही हसले. नागपूरची ती एक जागा त्याइलेही पाह्यजे होती, हे त्याइच्या हसण्यात होतं. सुनंदानं पेनाले टोपण लावलं. पेन वहीवर ठेवलं, नीट, सरळ. म्हणाली, “जे पाह्यलं ते लिहिलं.” अन् खाली बसली. मी वाट पाहत होतो की ती वरडन, भांडन, म्हणजे मले आणखी चढून बोलता येईन. तिनं ती संधीही देली नाई.

साहेब बराच वेळ वही चाळत बसला. शेवटी म्हणाला, एक ओळ अशी निघाली तर बाकीच्या ओळी कशावर धरायच्या? दवाखान्याच्या बाजूची ती अख्खी वही त्यानं बाजूले ठेवली. पायी चालणाऱ्याइची मोजणी त्याच वहीत होती. सुनंदाले दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगतलं. नागपूरले दुसराच गेला.

अन् मले? पाहणी संपली त्या दिवशी मले शाल अन् नारळ देला. साहेब सगळ्याइपुढं म्हणाला, शिस्त या माणसाकडून शिका. टाळ्या वाजल्या. मी मान हलवली. ती शाल मी फेकून देली असं इथं लिहिलं असतं तं बरं दिसलं असतं. पण नाई फेकली. थंडीत पांघरतो. उबदार आहे.

आता ती गाळलेली गोष्ट.

तिचा हात वर होता. चाळीस सेकंद झाले तवा वर झाला होता. मी पाह्यला. तिनं एक हात वर केला, मंग वहीत पेन अडकवून दुसराही वर केला. उठून उभी राह्यली. “काकाजी!” म्हणून वरडली, होर्नमध्ये आवाज बुडला, पण तिचे ओठ मले दिसत होते. मी सरळ तिच्या डोळ्यांत पाह्यलं. अन् ऑटोवाल्यासाठी नाई — तिच्यासाठी झेंडी धरून ठेवली. तिच्या हातावर माझी झेंडी खाली होणार नाई, हे तिले दिसावं म्हणून. ऑटोवाला तं निमित्त. तो आला नसता तं मी दुसऱ्या दिवशी दुसरं कोणतं निमित्त शोधलं असतं.

त्या पांढऱ्या मोटारीच्या वेळेले मी बरोबर होतो, काऊन की तवा गाडी होती. गाडी होती म्हणून मी मोठा झालो. मले वाटलं, मी अडलो म्हणून मोठा झालो.

ती रस्त्यावरची रेल काई आली नाई. कागदं कुठं गेली, कोणाले माहीत. एवढं मात्र झालं की त्या पाहणीच्या आकड्यांवरून चौकातल्या सिग्नलची वेळ नव्यानं लावली. दवाखान्याच्या बाजूनं पायी पार कराले जो हिरवा माणूस दिसते दिव्यात, तो जरासाच दिसते. ज्या वहीत पायी चालणारे होते, ती वही मोजणीत नव्हती ना. दवाखान्यातून निघालेले बुढे-बुढी अर्ध्या रस्त्यात असतात अन् दिवा बदलते. मी पाहतो. मले मनातल्या मनात मोजता येते. ते सेकंद कमी आहेत, हे ह्या शहरात माझ्याइतकं कोणाले माहीत नसन.

घरची बाई गेली तवा सुनंदा आली होती मातीले. तिच्या आईसंग. मी चौकटीपाशी बसलो होतो. “जय भीम, काकाजी,” म्हणाली. दरवेळेसारखंच. मी रामराम म्हणू शकलो नाई. तोंड उघडलं होतं. सांगाले तेवढी जागा होती. चार माणसं बसली होती, तिची आई होती. असा वखत पुन्हा येते का? मी म्हणलं, “बसा, चहा घ्या.”

आता ती मेन रोडवर एका कपड्याच्या दुकानात काम करते. मांगच्या महिन्यात मी चौकात बाकावर बसलो होतो. ती दवाखान्याच्या बाजूनं आली. संग तिची आई, काठी घेऊन, हळू चालणारी. हिरवा माणूस लागला तशा निघाल्या. आई अर्ध्यावर पोचली नाई तं दिवा बदलला. ऑटो, मोटारसायकली सुटल्या. सुनंदा आईच्या पुढं उभी झाली, रस्त्याच्या मधोमध, जिथं ती पटरी येणार होती. अन् तिनं हात वर केला.

गाड्या तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. होर्न वाजवत. मी बाकावरून उठलो नाई. ती मंग आईले घेऊन पार झाली, अन् पार झाल्यावर तिनं एकदा मांगं वळून पाह्यलं. बाकाकडं.

मी तवाही नजर हटवली नाई. पण मान हलवली नाई, की हात वर केला नाई. त्या दिवशीसारखाच तिचा हात मले साफ दिसला होता.